चेहरा शेवटी पाहा : जुन्या कोरीव व्यक्तिचित्रांतली सत्तेची चिन्हं वाचायला शिकताना

तांब्याच्या प्लेटवर कोरून कागदावर छापलेली राजे, सेनापती, कार्डिनल (कॅथलिक चर्चमधले बडे धर्मगुरू) यांची जुनी चित्रं आता फोनवर मोठी करून बघता येतात. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर अशी हजारो छापचित्रं आहेत. अडचण अशी की नव्याने बघणाऱ्याला ती सगळी एकसारखीच वाटतात. केसांचा टोप, चिलखत, मागे पडदा, बाजूला खांब आणि खाली न समजणारी लॅटिन ओळ. दहा चित्रं बघून माणूस कंटाळतो.

कंटाळा येतो तो बघण्याचा क्रम चुकल्यामुळे. ही चित्रं वाचायची असतात आणि वाचायला सुरुवात कुठून करायची हे ठरलेलं असलं की एकाच बैठकीत बरंच काही हाती लागतं. हा लेख मुख्यतः १६व्या ते १८व्या शतकातल्या युरोपीय चित्रांपुरता आहे. कारण ही चिन्हांची भाषा तिथेच घडली आणि तिथूनच जगभर गेली.

आधी अंगठ्याने चेहरा झाका

माणसाचं चित्र दिसलं की आपण आधी डोळ्यांत बघतो. इथे ती सवय मोडा. कोरीव व्यक्तिचित्रात सगळ्यांत सहज बदलता येणारा भाग चेहराच असतो.

पुरावा हवा असेल तर पिएर लोंबारचा घोडेस्वार शोधा. लोंबार हा लंडनमध्ये काम करणारा फ्रेंच एनग्रेव्हर, म्हणजे प्लेट कोरणारा. १६५०च्या दशकात त्याने ऑलिव्हर क्रॉमवेलचं घोड्यावरचं भव्य चित्र कोरलं. घोडा, चिलखत, कमान, शेजारी उभा पोऱ्या असा सगळा आराखडा त्याने व्हॅन डाइकने रंगवलेल्या, इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याच्या चित्रावरून उचलला होता. म्हणजे ज्या राजाचं डोकं १६४९ मध्ये उडवलं, त्याच्याच घोड्यावर त्याच्या शत्रूला बसवलं. पुढे याच प्लेटवरचं डोकं बदलत गेलं. कधी क्रॉमवेल, कधी फ्रान्सचा लुई चौदावा, तर कधी खुद्द चार्ल्स. मधल्या एका अवस्थेतल्या छापांत स्वाराला डोकंच नाही, नुसता कोरा कागद आहे. या चित्राला ‘बिनडोक्याचा घोडेस्वार’ असंच म्हणतात.

हे करणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नव्हतं. तांबं मऊ. नको तो भाग खरवडायचा, घासून गुळगुळीत करायचा, खड्डा पडला तर प्लेट मागून ठोकून वर आणायची आणि नवीन कोरायचं. घोडा आणि चिलखत यांची मेहनत मात्र वाया घालवायची नाही. सत्ता त्या घोड्यात आणि चिलखतात होती. डोकं तिथे भाडेकरू होतं.

म्हणून चेहरा झाका आणि स्वतःला विचारा, की एवढं बघून हा कोण असेल? राजा, सरदार, सेनापती, धर्मगुरू की विद्वान? उत्तर आलं तर चिन्हं आपलं काम चोख करताहेत. नाही आलं तर पुढच्या पायऱ्या आहेतच.

खालची ओळ: नाव कमी, दावे जास्त

चित्राखालची अक्षरं नवखे लोक सोडून देतात. ती आधी वाचा. लॅटिन येत नसेल तरी चालेल, पाच-सहा शब्द पुरतात. एखाद्या नावापुढे ‘पिंक्सिट’ असेल तर ते मूळ रंगचित्र काढणाऱ्याचं नाव. ‘डेलिनेआव्हिट’ म्हणजे रेखाटन याचं. ‘स्कल्पसिट’ म्हणजे प्लेट कोरणारा. ‘एक्सकुडिट’ म्हणजे छापून विकणारा प्रकाशक. बहुतेक वेळा हे शब्द तोडूनच लिहिलेले असतात. राजाच्या परवानगीने छापल्याचा शेराही अनेकदा असतो. तो असला की हे चित्र दरबाराला चालणारं होतं एवढं कळतं. राजावरची टीका त्यात सापडायची नाही.

मग किताब वाचा. राजाच्या नावापुढे ‘डी. जी.’ ही दोन अक्षरं हमखास भेटतील. ती ‘देई ग्राशिया’ म्हणजे ‘ईश्वराच्या कृपेने’ याची आहेत. मी राजा आहे तो लोकांच्या मर्जीने नव्हे, हे तेवढ्या दोन अक्षरांत सांगून झालेलं असतं. इंग्लंडच्या राजांच्या चित्रांवर तर आणखी मजा आहे. चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि त्यानंतर तिथले राजे १८०१ पर्यंत स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवून घेत राहिले, हातात फ्रान्सची वीतभर जमीन नसतानासुद्धा. त्यांच्या कुलचिन्हात फ्रान्सची लिली फुलं तोवर टिकून होती. म्हणून किताबांची यादी वाचताना ती मालमत्तेची यादी समजू नका, ते दाव्यांचं पत्रक आहे.

आणि छापलेलं आहे म्हणून बरोबरच असेल, असंही नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचं गिल्बर्ट स्टुअर्टने रंगवलेलं प्रसिद्ध चित्र लंडनच्या जेम्स हीथने कोरून १८०० साली विकायला आणलं. चित्रकाराला न विचारता आणलं आणि वर चित्रकाराचं नाव ‘गॅब्रिएल स्टुअर्ट’ असं छापलं. स्टुअर्ट संतापला यात नवल नाही.

चौकट

इथे फार थांबायचं कारण नाही. १७व्या शतकातली पुष्कळ फ्रेंच व्यक्तिचित्रं लंबगोल चौकटीत असतात. खाली दगडी चौथरा कोरलेला असतो आणि चौथऱ्यावर कुलचिन्ह. रोबेर नांत्य हा या प्रकारातला बादशहा. लंबगोलाची कल्पना रोमन पदकांवरून आणि ढालीवरच्या मुखवट्यांवरून आलेली, म्हणजे माणूस जिवंत असतानाच त्याला स्मारकात बसवायचं. चौकटीभोवती फांद्यांची माळ असेल तर पानं नीट बघा. टोकदार लांबट पानं लॉरेलची, म्हणजे विजय किंवा कीर्ती. ताडाची झावळी बहुधा हौतात्म्याची किंवा विजयाची.

हात काय करताहेत?

यावर वेळ घालवा. अर्ध्या आकृतीच्या चित्रात चेहऱ्याखालोखाल जागा हातांना मिळते आणि हात रिकामे क्वचितच असतात.

हातात आखूड, गुळगुळीत काठी दिसली तर ती सेनापतीची छडी. ही काठी आधारासाठी नसते, ती नेहमी कशाकडे तरी रोखलेली किंवा मांडीवर टेकवलेली असते. ती हातात असलेला माणूस सैन्याला हुकूम देऊ शकतो, एवढाच तिचा अर्थ. राजदंड तिच्यापेक्षा लांब आणि टोकाला नक्षी असलेला. वर क्रूस असलेला गोळा म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने जगावर सत्ता. हा गोळा साध्या सरदाराच्या हातात तुम्हाला सहसा दिसायचा नाही.

पुस्तक अवघड आहे. बंद पुस्तकात बोट घालून धरलेलं असेल तर विद्वान किंवा धर्मगुरू. उघडं, बायबलसारखं जाड पुस्तक असेल तर श्रद्धा. टेबलावर कागद आणि दौत असेल तर मंत्री. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२६ मध्ये कोरलेला विद्वान इरॅस्मस बघा. राजा नाही, सरदार नाही, पण पुढे पुस्तकांची मांडणी आणि हातात लेखणी. त्याची सत्ता तिथे आहे. मागच्या पाटीवर ग्रीकमध्ये असंही लिहिलंय की याचं खरं दर्शन याच्या लिखाणात घडेल. चित्र काढणाऱ्याने स्वतःच चेहऱ्याला दुय्यम ठरवल्याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

हातमोजे धरलेले असतील तर माणूस खानदानी. शिरस्त्राणावर विसावलेला पंजा असेल तर लढवय्या. कमरेवर टेकवलेला हात आणि आपल्या दिशेने आलेलं कोपर बघायला विसरू नका. ते कोपर बघणाऱ्याला चार पावलं मागे ठेवतं. बायकांच्या चित्रांत ही ढब फार कमी दिसते, आणि जिथे दिसते तिथे ती बाई राज्य करणारी असण्याची शक्यता बरीच असते.

चिलखताबद्दल एक सावधगिरी. १८व्या शतकातला सेनापती चकचकीत पोलादी छातीकवच घालून, खांद्यावर कुरळ्या केसांचा टोप सोडून उभा दिसतो. तोवर बंदुकांनी असलं पूर्ण चिलखत रणांगणावरून जवळजवळ हद्दपार केलं होतं. माणूस लढायला असा गेला होता असं समजू नका. चिलखत तोपर्यंत सरदारकीचा गणवेश झालं होतं.

गळ्यातला पट्टा आणि आरशाची गडबड

छातीवर लोंबणारं पदक किंवा खांद्यावरून आडवी गेलेली रुंद फीत हा ओळख पटवण्याचा सर्वांत पक्का धागा. राजे निवडक बड्यांनाच ज्यांत घेत अशी तीन मानाची मंडळं ओळखता आली तरी बरंच काम होतं.

गळ्यातल्या साखळीला पोटाला बांधून टांगलेल्या मेंढ्याचं कातडं लोंबत असेल, तर तो सोनेरी लोकरीचा मान. बर्गंडीच्या फिलिपने १४३० मध्ये तो सुरू केला आणि पुढे हॅब्सबर्ग घराण्याकडे आला. स्पेन, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स इथल्या बड्यांच्या गळ्यात तो दिसतो. उडणारं कबूतर असलेला क्रूस असेल तर फ्रान्सचा पवित्र आत्म्याचा मान, तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये स्थापलेला. आणि घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा संत जॉर्ज किंवा डाव्या गुडघ्याखाली बांधलेला पट्टा दिसला, तर इंग्लंडचा गार्टर.

आता गडबड. प्लेटवर जे उजवीकडे कोरलं ते कागदावर डावीकडे छापलं जातं. हुशार एनग्रेव्हर मूळ चित्र आरशात बघून उलटं कोरत, म्हणजे छाप सुलट येई. पण सगळे तेवढी तोशीस घेत नसत. मग छापात राजे डावखुरे होतात, तलवारी उजव्या कमरेला जातात. इथे फीत कामाला येते. गार्टरची निळी फीत डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जाते, तर फ्रान्सच्या पवित्र आत्म्याच्या मानाची उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. छापात हे उलटं दिसलं तर चित्र आरशासारखं फिरलं आहे. मग ‘राजाने राजदंड डाव्या हातात का धरला असेल’ यावर डोकं खाजवत बसू नका. त्याने तो डाव्या हातात धरलेलाच नव्हता.

मुकुट डोक्यावर आहे की उशीवर?

नवख्यांना हे उलटं वाटतं, पण बहुतेक राजांच्या चित्रांत मुकुट डोक्यावर नसून शेजारच्या उशीवर असतो. राजा मुकुटामुळे राजा नाही, जन्माने आहे, असं त्यातून सुचवायचं असतं. मुकुटाच्या वरती कमानी जोडून तो बंद केलेला असेल तर तो सार्वभौम राजाचा किंवा सम्राटाचा. वरून उघडा, नुसत्या पानांचा किंवा मोत्यांचा असेल तर ड्यूक, अर्ल, काउंट वगैरे. कुलचिन्हावर रुंद काठाची टोपी आणि दोन्ही बाजूंनी गोंडे लोंबताना दिसले तर धर्मगुरू. गोंडे मोजून हुद्दा ठरवायचा मोह होतो. तो जरा आवरा, कारण कार्डिनलच्या टोपीला दर बाजूस १५ गोंडे हे १८३२ मध्ये पक्कं झालं. त्याआधीच्या चित्रांत आकडे इकडेतिकडे असतात.

मुकुटांचा सगळ्यांत धूर्त वापर बघायचा असेल तर चार्ल्स पहिल्याच्या नावावर १६४९ मध्ये निघालेल्या प्रार्थना-आत्मकथनाचं मुखचित्र शोधा. विल्यम मार्शलने कोरलेलं. राजा गुडघ्यावर बसलाय. सोन्याचा मुकुट जमिनीवर, पायाशी. हातात काट्यांचा मुकुट. नजर वर, जिथे ताऱ्यांचा मुकुट त्याची वाट बघतोय. बाहेर वजनं लटकवलेलं ताडाचं झाड आहे, ओझं वाढलं तरी वाढणारं, आणि लाटांत न हलणारा खडक. गादी गेलेल्या, मुंडकं गेलेल्या माणसाला या एका पानाने हुतात्मा केलं. संसदेची सेना लढाई जिंकली होती, पण चित्रांच्या बाजारात चार्ल्स पुढे राहिला.

इंग्लंडमधली एक बाईही या खेळात तरबेज होती. एलिझाबेथ पहिलीच्या काळात, १५६३ मध्ये, राणीची वाट्टेल तशी चित्रं काढू नयेत, आधी एक मान्य नमुना ठरावा, असा जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला होता. १५९६ मध्ये तिच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, बेढब चित्रं नष्ट करण्याचा हुकूमच दिला. त्याच वर्षी क्रिस्पिन द पास याचं म्हणून ओळखलं जाणारं छापचित्र आलं. राणी साठी ओलांडलेली, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही. दोन खांबांच्या मध्ये उभी, हातात राजदंड आणि गोळा, मागे जहाजं. एका खांबावर पेलिकन, जो आपल्या रक्ताने पिलांना पोसतो अशी समजूत होती. दुसऱ्यावर फिनिक्स, जो जगात एकाच वेळी एकच असतो. लग्न न केलेल्या राणीसाठी याहून सोयीचा पक्षी नाही. आणि ते दोन खांब? ते तर स्पेनवरही राज्य केलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सचं बोधचिन्ह. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार परतवल्यावर शत्रूची निशाणीच उचलून त्यात राणीला उभी केली.

रेषांमधला रंग

ही पायरी लहान आहे, पण मला सगळ्यांत आवडते. छाप काळीपांढरी. मग ढालीवरचा लाल आणि निळा कसा सांगणार? १७व्या शतकात यावर तोडगा निघाला आणि जेझुइट पाद्री पेट्रा सँक्टा याच्या १६३८च्या ग्रंथामुळे तो सर्वत्र रुजला. उभ्या रेषा म्हणजे लाल. आडव्या रेषा म्हणजे निळा. बारीक ठिपके म्हणजे सोनेरी. काहीच नसेल तर चांदी किंवा पांढरा. उभ्या-आडव्यांची जाळी म्हणजे काळा. तिरप्या रेषा हिरव्या किंवा जांभळ्या रंगाच्या, कोणत्या बाजूला कलतात त्यावर.

चित्र मोठं करा, कुलचिन्हावर जा आणि रेषा बघा. फ्रान्सच्या ढालीची पार्श्वभूमी आडव्या रेषांची आणि लिली फुलं ठिपक्यांची, म्हणजे निळ्यावर सोनेरी. ड्यूररच्या काळच्या चित्रांना ही पद्धत लावू नका, ती तेव्हा नव्हती. आणि हे कोष्टक ढालीपुरतंच. कोटावरच्या उभ्या रेषा म्हणजे कोट लाल, असं नाही. तिथे रेषा सावलीसाठी आणि कापडाचा पोत दाखवण्यासाठी असतात.

आता एक चित्र पूर्ण वाचू

पिएर द्रव्हेने कोरलेला लुई चौदावा उघडा. यासॅंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेल्या चित्रावरून त्याने ही प्लेट पुढच्या दशकात पुरी केली. छाप सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची, म्हणजे भिंतीवर लावायचीच. मूळ रंगचित्र राजाने स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवासाठी काढून घेतलं होतं. ते इतकं आवडलं की स्वतःकडेच ठेवलं.

चेहरा झाका. खालून सुरू करा. उंच टाचांचे बूट, रेशमी मोजे आणि नाचणाऱ्याची ऐट असलेले पाय. राजा तेव्हा साठीपार होता, पाय मात्र विशीतले. तरुणपणी तो दरबारी बॅलेत खरोखर नाचायचा. पायाखाली पायरी आहे, म्हणजे बघणारा खालच्या पातळीवर. अंगावरचा झगा एवढा मोठा की माणूस त्यात हरवावा. बाहेरून लिली फुलांचा, आतून एर्मिन या प्राण्याच्या पांढऱ्या फरचा. त्या पांढऱ्यावर दिसणारे काळे तुकडे म्हणजे त्याच प्राण्यांच्या शेपट्यांची टोकं. एका झग्यात असे किती जीव गेले असतील कोण जाणे. झगा खांद्यावरून मुद्दाम मागे टाकलाय, कारण फर दिसली पाहिजे आणि पायही दिसले पाहिजेत. द्रव्हेने फर, रेशीम, मखमल, लेस यांना वेगवेगळ्या प्रकारच्या रेषा दिल्या आहेत. रंग नसताना कापड ओळखू येतं ते त्यामुळेच.

कमरेला तलवार. ती साधी नव्हे, सम्राट शार्लमेनची म्हणून मानली जाणारी राज्याभिषेकाची तलवार, झ्वायूझ. गळ्यात पवित्र आत्म्याच्या मानाची साखळी. शेजारच्या उशीवर मुकुट आणि त्याच्याजवळ न्यायाचा हात, म्हणजे टोकाला आशीर्वादाच्या मुद्रेतला हस्तिदंती पंजा असलेला दंड. आणि राजदंड? तो राजाने उलटा धरलाय. लिलीचं टोक खाली. फिरायला निघाल्यावर काठी टेकवावी तसा. माझ्या मते चित्रातली ही सर्वांत मोठी फुशारकी आहे. ज्या वस्तूला बाकीचे लोक हात लावायलाही धजणार नाहीत, ती तो सहज वापरून दाखवतोय. दुसरा हात कमरेवर, कोपर आपल्याकडे.

मागे खांब. खांबाच्या पायथ्याशी न्यायदेवता कोरलेली आहे, मोठं केल्याशिवाय दिसणार नाही. वर प्रचंड पडदा. हा पडदा कुठल्याच खिडकीचा नसतो. सिंहासनावरच्या छताचा तो अवशेष, आणि १८व्या शतकात तो ज्याला परवडेल त्याच्या मागे टांगला जाऊ लागला. नुसता खांब आणि पडदा बघून कुणाला राजा समजू नका.

आता अंगठा काढा. जाड ओठ, ओघळलेले गाल, म्हातारा माणूस. रिगोने चेहरा बऱ्यापैकी खरा ठेवलाय. त्याला तसं करणं परवडत होतं, कारण बाकी सगळं एवढं भक्कम होतं. १८४० मध्ये थॅकरे या इंग्रज लेखकाने यावर एक व्यंगचित्र काढलं. एका बाजूला नुसता टोप, झगा आणि टाचा. मध्ये टकला, बुटका, पोट सुटलेला म्हातारा. तिसऱ्या जागी दोन्ही एकत्र, म्हणजे राजा. सगळा लेख वाचायचा नसेल तर ते एक व्यंगचित्र बघा.

याच्या शेजारी नेपोलियन ठेवा. जेरारच्या चित्रावरून देनुआयेने १८०८ मध्ये कोरलेला, अभिषेकाच्या पोशाखातला. एर्मिन आहे, न्यायाचा हात आहे, लांब दंड आहे. लिली मात्र कुठेच नाही. ती बुर्बों घराण्याची, क्रांतीने उखडलेली. तिच्या जागी मधमाश्या आहेत. १६५३ मध्ये टूर्ने इथे सापडलेल्या फ्रँक राजा शिल्डेरिकच्या थडग्यात सोन्याच्या मधमाश्या मिळाल्या होत्या, म्हणून बुर्बोंपेक्षाही जुनी निशाणी म्हणून त्या घेतल्या. आणि मुकुटाऐवजी डोक्यावर रोमन पद्धतीची सोनेरी लॉरेलची पानं. जुन्या राजाचा संच ठेवायचा आणि त्याचं नाव सांगणारे तेवढे तुकडे बदलायचे.

मुकुट नसलेली सत्ता

वर उल्लेखलेला हीथचा वॉशिंग्टन इथे उपयोगी पडतो. काळा साधा पोशाख, ना मुकुट ना एर्मिन. पण खांब आहेत, पडदा आहे, एका हातात म्यानातली तलवार आहे. टेबलाचा पाय नीट बघा. काठ्यांची जुडी बांधावी तसा आहे, रोमन अधिकाऱ्यांपुढे नेत त्या जुड्यांसारखा. त्यावर गरुड. टेबलाखाली-वर ग्रंथ आणि दौत. राजा नको म्हणणाऱ्या देशानेही उभं राहायची जागा राजाकडूनच घेतली, फक्त वस्तू बदलल्या.

वस्तू बदलल्याचं सर्वांत धक्कादायक उदाहरण अमेरिकेतलंच आहे. अब्राहम लिंकनचं एक भारदस्त उभं छापचित्र बरंच फिरलं. ते अंग लिंकनचं नाहीच. ते जॉन कॅल्हूनचं, रिचीने १८५२ मध्ये कोरलेल्या छापचित्रातलं. कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचा कडवा समर्थक. डोकं बदललं आणि टेबलावरच्या कागदांवरची अक्षरंही बदलली. मुक्त व्यापार आणि राज्यांची स्वायत्तता यांच्या जागी संघराज्य आणि मुक्तीची घोषणा आली. असं चित्र समोर आल्यावर मानेची रेघ तपासा. डोक्यावरचा उजेड एका बाजूने आणि अंगावरचा दुसऱ्या बाजूने येत असेल, किंवा डोकं खांद्यांच्या मानाने लहान वाटत असेल, तर शंका घ्या.

आपल्याकडच्या माणसांची छापचित्रं

डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ मध्ये निघालेल्या ग्रंथात शिवाजी महाराजांचं कोरीव चित्र आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते आपल्याकडे प्रकाशात आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, म्हणजे इथेही अंग एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. अशा चित्रांत राजदंड किंवा उशीवरचा मुकुट शोधू नका. पगडीवरचा तुरा, मोत्यांचे सर, कमरेचा पटका आणि त्यात खोवलेलं शस्त्र बघा. आणि कोरणारा युरोपात बसून काम करत होता हे लक्षात ठेवा. कापडाच्या घड्या आणि नक्षी त्याच्या हाताच्या सवयीने बदलतात.

पुण्याच्या दरबाराचं चित्र यापेक्षा वेगळं. १७९० मध्ये इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेटने पेशव्यांशी केलेल्या तहाचा तो प्रसंग. पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने तो लंडनमध्ये १८०५ मध्ये रंगवला आणि चार्ल्स टर्नरने त्याचं मेझोटिंट, म्हणजे रेषांऐवजी छटांनी घडवलेलं छापचित्र, केलं. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, गादी, लोड. इथे कोण काय धरून उभा आहे यापेक्षा गादीपासून कोण किती अंतरावर बसलाय ते मोजा. सवाई माधवराव, मग नाना फडणवीस, मग बाकीचे. युरोपीय चित्रं बघून आलेल्या डोळ्यांना ही रीत पटकन दिसत नाही.

युरोपीय रीत प्रत्यक्ष बघायची असेल तर जुन्या गोव्याला जा. संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची रंगचित्रं ओळीने लावलेली आहेत. ती छापचित्रं नव्हेत, पण व्याकरण तेच. छडी, चिलखत, छातीवर क्रूस, कुलचिन्ह आणि नावाची पाटी. एका भिंतीवर चेहरे झाकायचा सराव करायला याहून चांगली जागा इकडे नाही.

विकत घ्यायचं ठरवलंत तर

जुन्या बाजारात अशी चित्रं मिळतात. बरीचशी पुस्तकांतून कापून काढलेली पानं असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण किंमत तशीच हवी. खालची समासाची पट्टी कापलेली असेल तर एनग्रेव्हरचं आणि प्रकाशकाचं नाव गेलं, म्हणजे अर्धी माहिती गेली. कडेने प्लेटचा दाबलेला चौकोनी वळ बोटाला लागतो का बघा. तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या कागदावर तो उठतो, जोवर कागद वळाच्या आत कापलेला नसेल. भिंगाखाली रेषांऐवजी एकसारखे ठिपक्यांचे रांगोळीवजा जाळे दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक नक्कल. रंग भरलेले असतील तर ते बहुधा नंतर कुणीतरी हाताने भरलेत. त्यावरून ढालीचे रंग ठरवू नका, खालच्या रेषा बघा.